वारा फिरला नव्हता, दादा

दादा, वारा फिरला नव्हता. त्या दिवशी पेसन गावाच्या वरच्या जंगलात हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं, आणि आज तुला जाऊन वीस दिवस झाले तरी माझं म्हणणं तेच आहे. तेराव्याला सगळे तुझ्या फोटोसमोर चांगलं चांगलं बोलून गेले. किती शांत होता, किती प्रेमळ, कधी कुणाला दुखावलं नाही. मी कोपऱ्यात गप्प बसून होते. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि तू आपलं भांडण अर्ध्यात टाकून निघून गेलास. शांत म्हणे. लबाड होतास तू.

चार वर्षं आपण एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकार-परवान्याच्या ड्रॉमध्ये दोघांची नावं एकत्र घालत होतो. दरवर्षी नाही लागलं म्हणून तू शनिवारी माझ्याकडे येऊन चहा पीत कुरकुर करायचास. यंदा लागलं. तेव्हा तू फोनवर एवढ्या मोठ्यांदा हसलास की मी फोन कानापासून लांब धरला. टॅग, म्हणजे परवाना, मादीचा होता. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी विचारलं, मोठ्या शिंगांच्या नराचा का नाही मागत, तर तू म्हणालास, “शिंगं काय कुकरला लावायची आहेत?” तुला मांस हवं असायचं. घरापासून दोन तासांवर जायचं, स्वतः मारायचं, स्वतः पाठीवर आणायचं, गॅरेजमध्ये स्वतः कापायचं आणि वर्षभर रविवारी सगळ्यांना बोलावून खाऊ घालायचं. भिंतीवर तू एक शिंग कधी लावलं नाहीस.

तुझा नियम एकच होता. पाठीवर निघेल तेवढंच मारायचं. एल्कची मादी म्हणजे सहा खेपा, तू मला कागदावर काढून दाखवलं होतंस. दोन मागच्या तंगड्या, दोन पुढच्या, पाठीचं आणि मानेचं मांस, मग काळीज आणि उरलेलं सामान. तीन तुझ्या, तीन माझ्या. मी उन्हाळाभर पाठीवर तांदळाची पोती घेऊन आपल्या कॅनॉलच्या रस्त्यावर चालले. लोक गाड्या हळू करून बघायचे. बासष्टाव्या वर्षी मी असली सोंगं केली ती तुझ्या भरवशावर, आणि तू माझ्या बरोबरीनं चालायला एकदाही आला नाहीस. गुडघा दुखतोय म्हणालास. मीही येडी, तुला गुडघ्याचं तेल आणून दिलं.

त्या सकाळचा प्रसंग मला मिनिटामिनिटाचा आठवतो. ऊन अजून पलीकडच्या उतारावर होतं. आपण पाइनच्या बुंध्याला टेकून बसलो होतो आणि वरच्या अंगाला, दीडशे पावलांवर, पाच माद्या चरत होत्या. त्यातली एक आडवी उभी राहिली. मी रायफल टेकूच्या काठ्यांवर ठेवली, श्वास सोडला, तू शिकवलंस तसं सगळं केलं. आणि तू खिशातून ती छोटी बाटली काढलीस, वहिनीच्या डब्यातली तांदळाची पिठी भरलेली, वारा बघायची. दाबलीस. पिठी उडाली आणि सरळ माझ्या जाकिटावर येऊन बसली. म्हणजे वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येत होता. म्हणजे त्यांना आपला वास लागणार नव्हता. याहून चांगला वारा कुठल्या शिकाऱ्याला मिळतो?

तू म्हणालास, “वारा फिरलाय. राहू दे.”

मी तुझ्याकडे बघितलं. माझ्या छातीवर पांढरी पिठी होती आणि तू जमिनीकडे बघत होतास. तेवढ्यात माद्या हलल्या, झाडीत गेल्या, संपलं. मग मी जे बोलले ते बोलले. ते आज पुन्हा लिहिते, कारण तेराव्याला कुणालाच ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, “तुला माझ्या हातून झालेलं बघवत नाही. लहानपणापासून सगळं तुझ्याच हातनं व्हायला पाहिजे. बाई म्हणून सोबत आणतोस आणि ऐन वेळी हात धरतोस.” तू बाटलीचं झाकण लावत बसलास. मी आणखी बोलले. नवऱ्याच्या पश्चात मला इथं आणलंस ते उपकार म्हणून का, असंही बोलले. तेव्हा फक्त तुझा चेहरा बदलला. म्हणालास, “पुढच्या वर्षी, तायडे.”

पुढच्या वर्षी. तुझ्या डॉक्टरनं तुला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की हृदय थकलंय, चढ चढायचा नाही, दहा किलोच्या वर उचलायचं नाही, ऑपरेशनचं ठरवा. तू म्हणालास, सीझन होऊन जाऊ दे. हे मला आता कळतंय. तुझ्या पाठीवर एक खेपही निघाली नसती, आणि मी चाप ओढला असता तर तुला ते मला सांगावं लागलं असतं. म्हणून वारा फिरला. पन्नास वर्षांत तू माझ्याशी खोटं बोललास ते एकदाच, आणि तेही इतकं वाईट की पिठीसुद्धा तुझ्या बाजूनं उडाली नाही.

वहिनीला माहीत होतं. तू तिला शपथ घातली होतीस, आणि ती बिचारी एकोणचाळीस वर्षं तुझ्या शपथा पाळत आलीये. मी तिच्यावरही ओरडले, तेराव्याच्या आतच, स्वयंपाकघरात. ती म्हणाली, तुला काळजी नको म्हणून. काळजी नको म्हणून! दादा, हे वाक्य तुझ्या घरातनं यावं?

बाबांच्या वेळचं विसरलास? आपण दोघं अमेरिकेत, मी तेव्हा पिस्कॅटवेला, तू इथं चँडलरला. सांगलीहून दर रविवारी फोन, थोडा ताप आहे, आता बरा आहे, सूप घेतलं. आणि बाबा आयसीयूत होते. तुम्ही लांब आहात, काळजी कराल, सुट्टी मिळायची नाही, म्हणून काकांनी सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. आपण पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. तू कधी आवाज चढवत नाहीस असं लोक म्हणतात, त्यांनी तेव्हा तुला बघायला हवं होतं. अंगणात उभा राहून काकांना म्हणालास, “माझा बाप मरत होता आणि तुम्ही मला सुपाच्या गोष्टी सांगत होता.” पाच वर्षं तू काकांशी बोलला नाहीस. येताना विमानात माझा हात धरून म्हणालास, आपल्या दोघांत असली लपवाछपवी कधी होणार नाही. मी हो म्हणाले. मी ते पाळलं. माझ्या गाठीची तपासणी झाली तेव्हा पहिला फोन तुला केला, मुलीला नंतर. आणि तू? काकांनी निदान समुद्रापलीकडून लपवलं. तू सात मिनिटांवरून लपवलंस.

सात मिनिटं. ते घर तूच शोधलं होतंस. हे गेले त्यानंतर वर्षभर मी पिस्कॅटवेच्या फ्लॅटमध्ये पडदे लावून बसायचे. तू आलास, दोन दिवस माझ्या हातची करपलेली भाजी खाल्लीस आणि म्हणालास, सामान बांध, सात मिनिटांवर घर बघितलंय. इथं आल्यावरही मी रडतच बसले तर तू मला समजावलं नाहीस, देवळात नेलं नाहीस, ग्रुपमध्ये घातलं नाहीस. नेमबाजीच्या रेंजवर नेऊन हातात रायफल दिलीस. पहिल्या दिवशी खांदा निळा झाला. मी म्हणाले मला नाही जमायचं. तू म्हणालास जमेल, उद्या परत. या एका गोष्टीसाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन, आणि आज तुझ्यावर एवढी संतापलेली नसते तर हे आधी लिहिलं असतं.

माझं पहिलं हरीण गेल्या वर्षीचं. आपल्या घरापासून तासाभरावर, नुसते निवडुंग आणि दगड, त्यात ते मोठ्या कानांचं. एका गोळीत पडलं. मी त्याच्याजवळ बसून हमसून रडले. तू माझ्या बाजूला बसलास, टोपी काढलीस. पाच मिनिटांनी म्हणालास, चल, ऊन वाढतंय, मांस खराब होईल. आणि मग तू मला हाताला धरून सगळं शिकवलंस, सुरी कुठं लावायची, कुठं थांबायचं, काळीज कसं काढायचं. त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये तू मांसाची पाकिटं केलीस आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलंस. तायडी – मांडी. तायडी – खिमा. तायडी – हाडं, रश्शाला. मी म्हटलं नुसतं मांडी लिही की, तर म्हणालास, ज्यानं मारलं त्याचं नाव. मंडळातल्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, हरीण मारायला जीव कसा होतो तुम्हाला, हातात कोंबडीची तंगडी धरून विचारत होते. तूच मध्ये पडलास. म्हणालास, “तुमच्या प्लेटमधल्या कोंबडीचं तोंड तुम्ही बघितलंय का? हिनं हिच्या हरणाचं बघितलंय.”

असा माणूस जंगलात माझा हात धरेल हे मला पटायलाच नको होतं. पण पटलं. राग असा असतो. पेसनहून दोन तास आपण गाडीत एक शब्द बोललो नाही. तू मला दारात सोडलंस, मी थँक्यू म्हणाले, परक्याला म्हणावं तसं.

मग दीड महिना. आणि त्या दीड महिन्यात भाऊबीज आली.

माझ्या दाराच्या कॅमेऱ्यात ते अजून आहे, मी पुसलेलं नाही. संध्याकाळी साडेपाचला फोनवर बीप आली. बघते तर तू पोर्चमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्टीलचा डबा. बेल वाजवली नाहीस. मी आत सोफ्यावर, दारापासून दहा पावलांवर, फोनमध्ये तुला बघतेय. म्हटलं वाजवू दे बेल, माफी मागू दे, मग उघडते. तू डबा खाली ठेवलास आणि पायरीवर बसलास. चांगली दहा मिनिटं, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून. मी म्हटलं, नाटक करतोय. मग उठलास, कठड्याला धरून, आणि गेलास. आता मी ते रोज बघते. तुझे खांदे कसे वरखाली होतायत ते बघते. तू दम खात होतास रे. अंगणातनं दारापर्यंत चालून तुला दम लागला होता, आणि मी तुला ओवाळायचं सोडून आत बसून माफीची वाट बघत होते. यासाठी मी तुला माफ करणार नाही. तुझ्या खोटेपणामुळे हे माझ्या हातून झालं.

डब्यात खिमा होता. मी उघडून बघितला, झाकण लावलं आणि तसाच फ्रीजरमध्ये टाकला. तोंडात घालणार नाही म्हटलं.

गेल्या आठवड्यात वहिनीनं गॅरेज आवरायला बोलावलं. तुझी मोठी बॅग तिथंच होती, जंगलातनं आणलेली, सोडलेलीही नाही. मी आत हात घातला. पाण्याची बाटली, बसायची गादी, वहिनीनं दिलेले लाडू, गोळ्यांची एक डबी जी मी कधी बघितली नव्हती. आणि मांसाच्या पिशव्या नव्हत्या. त्या नेहमी तुझ्याकडे असायच्या, वहिनीनं जुन्या चादरींच्या शिवलेल्या, त्यात घालून मांस झाडाला टांगायचं. मी वहिनीला विचारलं. ती फळीकडे बघत म्हणाली, “यंदा मागितल्याच नाहीत.” तिथं होत्या, सहाच्या सहा, धुऊन घडी घातलेल्या.

म्हणजे तू मारायला आलाच नव्हतास. पिशव्या नाहीत म्हणजे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. तुला ते जंगल एकदा बघायचं होतं आणि माझ्याजवळ तीन दिवस बसायचं होतं. मग तसं सांगायला काय झालं होतं? तायडे, मला बरं नाही, नुसतं येऊन बसशील का? बसले असते. रायफल घरी ठेवून आले असते. तुझी बॅगसुद्धा मी उचलली असती. तू माझा निरोप घेतलास आणि मला कळू दिलं नाहीस, आणि मी त्या निरोपात तुला वाट्टेल ते बोलले.

आता आईचं सांगते, कारण हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठी.

आई एक्क्याण्णव वर्षांची. दर रविवारी सकाळी, आपल्या शनिवारी संध्याकाळी, तू तिला फोन करायचास आणि ती विचारायची, काय गावलं का यंदा? मग आलं जास्त घाल, दह्यात रात्रभर ठेव, हे सगळं. तू गेलास त्या दिवशी काकांचा फोन आला. तेच काका, तोच आवाज. म्हणाले, वहिनींना, म्हणजे आपल्या आईला, आत्ता काही बोलू नका, या वयात झेपायचं नाही, वेळ बघून मी सांगतो. आणि मी हो म्हणाले, दादा. मी. पहिल्या रविवारी आईला सांगितलं, दादाचा फोन बिघडलाय. दुसऱ्या रविवारी म्हटलं, कामानं बाहेरगावी गेलाय. ती म्हणाली, रिटायर माणसाला कसलं आलंय काम? तर मी म्हटलं, शिकारीला गेलाय, तिथं रेंज नसते. ती खूश झाली. म्हणाली, बघू काय गावतंय.

रोहन शेजारीच होता. बेलव्ह्यूहून आला तो अजून वहिनीजवळच आहे. तुझा लेक मराठी सगळं समजतो, बोलतो इंग्लिश. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, “आत्या, वी आर लाइंग टु हर. बाबा वुड हेट धिस.” मी त्याला म्हणणार होते की तुझ्या बाबांनी काय केलं ते तुला माहीत नाही. म्हटलं नाही. तू स्वतः काय केलंस ते सोड, बाबांच्या वेळी अंगणात तू जे बोललास ते खरं होतं. पोराचं बरोबर होतं.

परवा शनिवारी मी फोन केला. काकांना आधी विचारलं नाही. आईनं उचलला, म्हणाली, गावलं का काही?

मी म्हणाले, “आई, दादा गेला.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.  मग म्हणाली, कधी? मी म्हटलं, अठरा दिवस झाले, सकाळी चहा घेताना, हृदय बंद पडलं. ती म्हणाली, आणि मला आज सांगतीयस. मी म्हटलं, हो. चुकलं. ती म्हणाली, “तू होतीस ना जवळ?”

दादा, किती सोपं होतं हो म्हणणं. नव्वदीच्या आईला आणखी एक खोटं, तिचीच काळजी म्हणून. मी म्हणाले, “नव्हते आई. सात मिनिटांवर होते. दीड महिना त्याच्याशी बोलत नव्हते.” आणि तिला सगळं सांगितलं, वारा, पिठी, भाऊबीज, पायरी.  शेवटी तिनं विचारलं, आदल्या रात्री काय जेवला?

वहिनीनं मला ते सांगितलं होतं. फ्रीजरमधलं तायडी – खिमाचं शेवटचं पाकीट तू स्वतः काढलंस आणि स्टुलावर बसून खिमा केलास. वहिनी मी करते म्हणाली तर तिला हात लावू दिला नाहीस. मी आईला तेच सांगितलं. म्हटलं, मी मारलेल्या हरणाचा खिमा, त्याच्याच हातचा.

“चांगला झाला होता का?”

“माहीत नाही आई. भाऊबीजेला मलाही आणून दिला होता. मी खाल्ला नाही. अजून फ्रीजरमध्ये आहे.”

“मग खा,” आई म्हणाली. “खा आणि मला सांग कसा झालाय.” एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मी फोन कानाला तसाच लावून ठेवला, तिचं संपेपर्यंत.

काकांचा फोन आला नंतर. ओरडले. मी त्यांना ओरडू दिलं.

काल संध्याकाळी मी डबा काढला. गरम केला, एक भाकरी टाकली, जमिनीवर बसले. आलं पुरेसं आहे. मिरी जास्त झालीये, तुला नेहमीच जास्त व्हायची. मीठ बरोबर आहे. मी सगळा खाल्ला, डबा पुसून, आणि आईला फोन करून सांगितलं, चांगला झालाय.

तुलाही सांगते. चांगला झालाय, दादा. पण तू मला त्या झाडाखाली सांगायला हवं होतंस. मी चाप ओढला असता, तुला बुंध्याला टेकवून तिथंच बसवलं असतं, आणि सहाच्या सहा खेपा मी एकटीनं केल्या असत्या.